काचेची पालथी बाजू

उन्हाळ्यात खानदेशात उतरलेल्या परक्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. बदली झाली का? नाहीतर, कोणाच्या लग्नाला? गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, तोंडावर मी धुळ्याला उतरलो तेव्हा स्टँडवरच्या चहावाल्याने दोन्ही प्रश्न एका दमात विचारले. मी म्हणालो, "गंज मोजायला आलोय." त्याने चहा देण्याआधी पैसे मागून घेतले.

पण मी खरंच गंज मोजायला गेलो होतो. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी.च्या नावाखाली सहा वर्षं चहा पितोय, तिथं आम्ही काचेची पट्टी तापवतो आणि तिच्यावर लोखंडाच्या क्षाराचं पाणी फवारतो. पाणी उडून जातं, काचेवर लोखंडाच्या ऑक्साइडचा केसाहून कितीतरी पातळ, नारिंगी पापुद्रा उरतो. त्या पापुद्र्यातले अणू शाळेतल्या कवायतीसारखे रांगेत उभे राहिले, तर तो स्फटिक. आठवडी बाजारासारखे वाटेल तसे उभे राहिले, तर अस्फटिक. आम्हाला बाजार हवा होता. बाजाराची वीज वेगळी वाहते आणि चुंबकाशी तो वेगळा वागतो. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याच्यावरच उभं होतं.

अडचण एवढीच की बाजार मला भरवता येत नव्हता. तो यायचा पाटीलला.

पाटील म्हणजे सिंधू पाटील. आम्ही एकाच तळघरात तीन वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर काम केलं. ती मला दामले म्हणायची, मी तिला पाटील म्हणायचो, आणि दोघंही एकमेकांना अहोजाहो करायचो. तिचे पापुद्रे गुळगुळीत, अस्फटिक, वीज सहज वाहू देणारे. माझे कवायतीचे. कधी चुकून माझा एखादा चांगला निघाला आणि मी नाचायला लागलो, की ती मान वर न करता म्हणायची, "एका नमुन्यावर खात्री धरू नये, दामले." वडील गेल्यावर काम अर्धवट टाकून ती जळगावला परतली, पिंप्राळ्यात आईबरोबर राहून शाळेत शिकवू लागली, आणि तिच्यामागे अस्फटिक पापुद्रेही गेले. दोन वर्षं मी तिच्या वहीतला शब्दन् शब्द पाळला. तपमान तेच, फवाऱ्याचं अंतर तेच. पत्रं लिहून विचारलं. तिनं कार्डावर सगळी कृती पुन्हा लिहून पाठवली, सुरुवातीला 'काचा नेहमीसारख्या धुऊन' असं. मी नऊ पत्रं लिहिली. नऊही पत्रांत तपमान, दाब, अंतर. जे लिहायचं होतं त्यासाठी दहावं पत्र राखून ठेवलं होतं.

शेवटी सरांनी निर्वाणीचं सांगितलं, "तिच्यासारखा एक तरी नमुना स्वतः करून दाखव, नाहीतर चौथं प्रकरण काढून टाक." चौथं काढलं की उरलेला प्रबंध म्हणजे प्रस्तावना आणि आभार. धुळ्याच्या एका कॉलेजात मोठा विद्युतचुंबक आहे, तिथं दोघांचे नमुने मोजून फरक शोध, म्हणाले. धुळ्याहून जळगाव फार लांब नाही, हे ते बोलले नाहीत. मी नकाशात आधीच बघून ठेवलं होतं.

बारा काचा घेतल्या. नऊ माझ्या, तीन पाटीलच्या. तिच्या हातच्या तेवढ्याच उरल्या होत्या.

धुळे

मी चिपळूणचा. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घाम. धुळ्यात घाम येतच नाही, येण्याआधीच वाळतो. सकाळी नऊला रस्त्यावरची माणसं उपरण्याने कानतोंड बांधून चालत होती, फक्त डोळे उघडे. मला वाटलं, दंगल झाली की काय.

चुंबकाचे राखणदार नाना. साठीला टेकलेले, कॉलेजचे जुने प्रयोगशाळा-परिचर. चुंबकाची वेटोळी तापतात म्हणून पाणी खेळवावं लागतं, आणि नळाला पाणी सकाळीच येतं. त्यामुळे धुळ्यात चुंबकत्व सकाळी असतं, दुपारी नसतं. नानांनी वेटोळ्यांभोवती ओली गोणपाटं गुंडाळली होती, जशी आपण माठाला गुंडाळतो.

"कोठून उनात भाऊ?" नानांनी विचारलं.

"पुण्याहून."

त्यांनी माझी एक काच उजेडात धरली. "हाऊ काय शे? गंज?"

"गंजच म्हणा."

"गंज लेवाले पुनाथीन धुळाले उनात? मना घरनी कडीले पाहिजे तितला शे!"

घरच्या कडीलाच हवा तेवढा गंज असताना मी पुण्याहून आलो याचं नवल ओसरल्यावर म्हणाले, "घड्याळ काढी ठेवा भाऊ." मी हसलो. चुंबकत्वावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला चुंबकाची भीती दाखवायची? बटण दाबलं. माझा डावा हात, घड्याळासकट, माझी परवानगी न घेता चुंबकाला जाऊन चिकटला. नानांनी शांतपणे बटण बंद केलं. घड्याळ बंद पडलं नाही, पण त्या दिवसापासून ते पुढं पळू लागलं. तासाला दहाबारा मिनिटं.

खरा घोळ त्यानंतर झाला. काचांचा डबा उघडला तर तळाशी कागदाच्या कपट्यांचा ढीग. काचांवर डिंकानं लेबलं चिकटवली होती. पुण्यात घट्ट बसलेला डिंक धुळ्याच्या हवेत वाळून पापडासारखा सुटला होता. बारा नारिंगी काचा एका बाजूला, बारा कपटे दुसऱ्या बाजूला. पाटीलच्या अक्षरातले तीन कपटे ओळखू आले. काचा नाही.

मी खाली बसलो. मोजून बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं, पण तेव्हा ते सुचलं नाही. एवढंच कळत होतं की तिच्या हातच्या तीन वस्तू माझ्याकडे होत्या आणि त्या मी नऊ भिकार काचांत हरवल्या.

नानांनी मला पाणी दिलं. मग एकेक काच उचलून खिडकीशी तिरपी धरू लागले. पापुद्र्याची बाजू नाही, उलटी. तीन काचा बाजूला काढून ठेवल्या.

"ह्या येगळ्या शेत."

"कशावरून?"

"पालथी करा ना भाऊ. तुम्ही बठ्ठा शिकेल लोके वरतूनच देखतस."

मी काच पालथी करून खिडकीशी धरली. कोऱ्या बाजूवर बारीक, एकात एक गुंतलेल्या गोल रेघा. रोज घासलेल्या थाळीवर असतात तशा.

"हाई राखवरी घासेल शे," नाना म्हणाले. "कोनी धोयी?"

"आमच्या प्रयोगशाळेत... एक पाटील होते."

"पाटील नही. पाटीलनी पोर व्हयी. माणूस अशी काच घासस नही."

आम्ही त्या तीन काचा आधी टांगल्या. तराजूच्या एका पारड्याखाली दोऱ्यानं काच लोंबकळत चुंबकाच्या दोन टोकांच्या मधे, चुंबक सुरू केला की ती किती ओढली जाते ते वजनावरून कळतं. तिन्ही जवळजवळ हलल्या नाहीत. मग माझ्या नऊ. त्या चुंबकाकडे माझ्या घड्याळाइतक्याच आतुरतेनं निघाल्या. नानांनी राखेवरून जे सांगितलं ते चुंबकानं कबूल केलं.

दोन वर्षं मी तिच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत होतो. पापुद्रा वर, काच खाली. एकदाही काच पालथी करून बघितली नव्हती.

दुपारी नानांनी घरी जेवायला नेलं. शेवभाजी. आमच्याकडे मिरची आमटीला डोळा मारून निघून जाते, इथं ती भाजीत संसार थाटते. दुसऱ्या घासाला मला उचकी लागली, तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. "भाऊ, रडू नका, काचा सापड्यात ना," नाना म्हणाले, आणि माझ्या ताटात आणखी रस्सा वाढला. मी रडत रडत तीन भाकरी खाल्ल्या.

जळगावच्या रस्त्याला

पारोळा, एरंडोल, मग जळगाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी रानं, बांधावर पऱ्हाटीच्या वाळक्या काड्यांचे ढीग, आणि दूरवर उन्हाचं पाणी, जवळ गेलं की आटणारं. काचांचा डबा मी ओल्या पंच्यात बांधून मांडीवर घेतला होता. एसटी माहेरवाशिणींनी भरली होती. आखाजीला इकडे लेकी माहेरी येतात, त्यांना आणायला भाऊ नाहीतर काका जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. जवळजवळ प्रत्येक बाकावर एक बाई, एक गाठोडं आणि गाठोडं सांभाळणारा एक कंटाळलेला मुऱ्हाळी.

माझ्या शेजारच्या मावशींनी डब्याकडे बघून विचारलं, "बहिणीकडे?"

"नाही. ओळखीच्या आहेत एक."

"मग मुऱ्हाळीच ना?" मावशी म्हणाल्या. मी खिडकीबाहेर कापूस शोधत राहिलो. कापूस नव्हता.

मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक राखेची. दुसरी दहाव्या पत्रातली. एरंडोलपर्यंत दुसरी आधी विचारायची ठरली होती. जळगाव दिसू लागलं तशी ती मागं मागं सरकत गेली.

पिंप्राळा

चार वाजता येतो असं कार्डावर कळवलं होतं. माझ्या घड्याळात चार वाजले तेव्हा पिंप्राळ्यात तीनही झाले नव्हते. सगळी कॉलनी दारं लावून झोपलेली. उन्हानं डोळे दिपले होते. अंगणात एक बाज दिसली, तिच्यावर कापड अंथरलेलं. मी बॅग तिच्यावर टाकली. करकर आवाज झाला. बाजेवर कापडाच्या दोन पदरांमधे ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे इकडचे पापड, वाळत घातल्या होत्या. वर्षभराच्या.

आतून एक म्हातारी आली. पाटीलची आई, सगळे तिला अक्का म्हणतात. तिनं आधी बिबड्या बघितल्या, मग मला.

"कोन व्हय रे तू? आन् मह्या बिबड्यांचा काय गुन्हा?"

"मी दामले. पुण्याहून."

"सिंधू! अवं सिंधू! तुले मुऱ्हाळी आला पाय! बिबड्या मोडत आला!"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या, हसल्या. आणि दारात पाटील उभी राहिली, झोपेतून उठलेली, केस विसकटलेले. दोन वर्षांत मी प्रवेशाची बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही बिबड्यांवर बसणारं नव्हतं.

"लवकर आलात," ती म्हणाली.

"घड्याळ चुंबकाला लागलं."

"कोणी सांगितलं नव्हतं का, काढून ठेवा म्हणून?"

"सांगितलं होतं."

ती हसली. तळघरात हसायची तशीच, आवाज न करता. मग अक्कानं मोडक्या बिबड्या तळून आणल्या आणि त्याच मला खायला घातल्या, गुन्हेगारालाच मुद्देमाल. इतकी चवदार शिक्षा मला कोणी दिलेली नाही.

पाटीलनं राखेचं, काचेचं काही विचारलं नाही. ती विचारत होती, भट्टी अजून तशीच घुंई करते का. तळघराच्या झरोक्यातून सकाळचं ऊन अजून माझ्या टेबलावर येतं का. सर अजून चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात का. एकेक प्रश्न विचारून थांबत होती, उत्तर पुरवून ऐकत होती.

"माझं टेबल कोणाला दिलं?"

"कोणालाच नाही. त्याच्यावर मी माझे खराब नमुने ठेवतो. इतके आहेत की दुसऱ्या कोणाला बसताच येत नाही."

बाहेर एका घरी माहेरवाशीण उतरत होती, रिक्षाभोवती गलका. पाटील तिकडे बघत म्हणाली, "आखाजीला सगळ्या माहेरी येतात. मी तर इथंच असते. मला कुठं जावंसं वाटतं, माहितीय? तुमच्या त्या तळघरात. दरवर्षी या दिवसांत वाटतं, कोणीतरी मुऱ्हाळी यावा." मग माझ्याकडे बघून, "बिबड्या न मोडणारा."

मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी डबा उघडला आणि काच पालथी करून तिच्यासमोर धरली.

तिनं काच तिरपी केली. रेघा बघितल्या. आणि एकदम लाजली, जशी कोणी स्वयंपाकघरात डोकावल्यावर बाई लाजते.

"राखेनं धुतल्यात?" मी विचारलं.

"हो. घरून आणायचे डब्यात. आमच्या मळ्यातल्या केळीचे खांब वाळले की अक्का जाळते, त्याची राख. त्या राखेनं पितळ नुसतं चमकतं."

"वहीत का नाही लिहिलं? मी दोन वर्षं..."

"भांडी घासल्याचं कोणी वहीत लिहितं का, दामले?"

आमच्या घरीही रोज भांडी घासली जायची, त्याची वही मी कधी बघितली नव्हती.

"पण काचा धुवायला तेजाब होतं की," मी म्हणालो.

"त्या तेजाबानं माझं बोट भाजलं होतं. तेव्हापासून राख." ती आपल्या बोटाकडे बघत होती. "तुम्हीच फुंकर घातली होती. विसरलात?"

मी विसरलो नव्हतो. मला वाटत होतं, ते फक्त मलाच आठवतं.

तापीकाठी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तिच्या काकांच्या मळ्यावर गेलो, तापीपलीकडे. पूल ओलांडला आणि दोन दिवस पांढरं दिसणारं जग एकदम हिरवं झालं. केळीच्या बागेत शिरलं की ऊन बाहेर राहतं. पायाखाली चिखल, डोक्यावर पानं, आणि अशी गार सावली की मला चिपळूणचं परस आठवलं. आमच्याकडे दारात दोनचार केळी असतात, पूजेपुरत्या. इथं त्या नजर पोचेल तिथवर ओळीनं उभ्या होत्या. कवायतीत, मी मनात म्हटलं. निसर्गालाही बाजार जमत नाही.

कडुलिंबाला झोका बांधला होता. पोरी गाणी म्हणत झोके घेत होत्या. अक्का म्हणाली, "तू बी बस ना भाऊ." मी बसलो. फांदी कुरकुरली, पोरी ओरडल्या, मी उतरलो. चुंबकत्व, बिबड्या आणि झोका, खानदेशात मी जे जे हाताळलं त्यानं तक्रारच केली.

अक्कानं बांधावर वाळल्या खांबांचा जाळ केला. राख निवेपर्यंत आम्ही दोघं पाटाच्या कडेला बसलो. पाणी हळूहळू एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जात होतं. मी दहा मिनिटं मनात वाक्य जुळवलं. सोपं होतं, चार शब्दांचं.

"पाटील," मी म्हणालो.

तिनं वळून बघितलं. काय येणार आहे ते तिला माहीत असावं, असं आता वाटतं.

"राख चाळून घ्यायची का?"

ती पुन्हा पाटाकडे वळली. "हो," म्हणाली. "दोनदा."

तिनं स्वतः चाळली, ओढणीला हात पुसून पत्र्याच्या डब्यात भरली, झाकण दाबून बसवलं. जळगाव स्टँडवर खिडकीतून डबा माझ्या हातात देताना म्हणाली, "जमलं तर प्रकरणात लिहा. राखेसकट."

पुण्यात परत

काचा राखेनं घासल्या. पहिल्याच खेपेला पापुद्रा गुळगुळीत, अस्फटिक, वीज वाहू देणारा, चुंबकाशी फटकून वागणारा. तिचा म्हणून खपावा असा. प्रकरण वाचलं. मी ते राखेसकट लिहिलं, आणि काम कोणाचं, तेही लिहिलं.

पण शास्त्राचा एक नियम आहे. राखेनं काम झालं म्हणून राखेमुळे झालं असं नाही. केळीच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं. शुद्ध पोटॅशियमचा क्षार बाटलीतून घेऊन काचेवर लावायचा. तोच परिणाम मिळाला की कोडं सुटलं. एका दुपारचं काम. ते मी वर्षभर केलं नाही. राख संपली की तिला कार्ड टाकायचो, ती डबा पाठवायची, बरोबर चार ओळी. अक्का बरी आहे. शाळेत परीक्षा आहेत. भट्टी कशी आहे? एकदा सरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेऊन विचारलं, "पोटॅशियमचं का करून बघत नाहीस?" मी म्हणालो, बाटली मागवलीय. बाटली माझ्या खणात आठ महिने होती.

मागच्या महिन्यात केलं. क्षार तोलला, काच धुतली, फवारलं. पापुद्रा हुबेहूब. कोडं सुटलं. आता अक्काच्या चुलीची गरज नव्हती, मळ्याची नव्हती, तापीच्या पुलाची नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा माझा प्रयोग यशस्वी झाला आणि मी त्याच्यासमोर दिवा लागेपर्यंत बसून राहिलो.

तिला लिहिलं. पोटॅशियमच होतं. आता राख पाठवायची तसदी नको. हेही दहावं पत्र नव्हतं.

परवा पार्सल आलं. तोच डबा, झाकण तसंच दाबून बसवलेलं, आत राख, दोनदा चाळलेली. वर चिठ्ठी, तिच्या अक्षरात:

'ही दुसऱ्या मळ्यातली. एका नमुन्यावर खात्री धरू नये.'

मी रजेचा अर्ज घेऊन सरांकडे गेलो. कारण लिहिलं होतं, नमुना आणणे. सरांनी तारखा बघितल्या, आखाजी कधी आहे ते भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं, आणि सही करता करता विचारलं,

"मुऱ्हाळी म्हणून चाललायस ना?"

"नाही सर," मी म्हणालो. "मुऱ्हाळी भाऊ असतो."

सहा वर्षांत त्यांच्या एकाही प्रश्नाला मी इतकं चटकन उत्तर दिलं नव्हतं.